वाचनालयाच्या अंगणातलं सावलीचं घड्याळ : प्रकल्पाच्या नोंदी

२ फेब्रुवारी

मुलांच्या विभागातली ‘असं का?’ पेटी आज उघडली. आकाश निळं का, समुद्र खारट का, कांदा चिरताना रडू का येतं, ही वारकरी मंडळी दर महिन्याला येतातच. त्यांचे फलक तयार आहेत. पण एका चिठ्ठीपाशी थांबले. ‘दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो असं पुस्तकात आहे. आमच्या गच्चीवर बारा वाजता डोक्यावर नसतो. मग घड्याळ चूक की पुस्तक?’ खाली गच्चीचं चित्र, पाण्याच्या टाकीची तिरकी सावलीसुद्धा काढलेली.

प्रश्न झकास आहे. एकात दोन आहेत खरं तर : बारालाच का नाही, आणि डोक्यावरच का नाही. कागदावर उत्तर लिहून चिकटवलं तर मुलं वाचतील आणि विसरतील. अंगणातल्या कट्ट्यावर सकाळी नऊपासून चारपर्यंत ऊन असतं. तिथे सावलीचं घड्याळ बसवायचं आणि त्याच्या शेजारी दोन-तीन फलक लावायचे, असं ठरलं. समितीने फॅब्रिकेशनपुरते पैसे मंजूर केले. फलकांचं रंगकाम नंतर बघू म्हणाले.

९ फेब्रुवारी

पहिलं काम उत्तर शोधायचं. मोबाइलमधलं होकायंत्र कट्ट्याजवळ भरकटतं, कोब्यात सळया आहेत. म्हणून जुनीच रीत वापरली. ‘सूर्यसिद्धान्ता’त बारा अंगुळांचा शंकू जमिनीवर उभा करून दिशा काढायची पद्धत दिलेली आहे. आमचा शंकू म्हणजे ६० सेंटीमीटरची सळई, ओळंबा लावून उभी केलेली. भोवती ५८ सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ खडूने काढलं.

सकाळी सावली लांब असते, मग आखूड होत जाते. तिचं टोक वर्तुळाच्या रेषेवर आलं तेव्हा खूण केली : १०:४८. दुपारनंतर सावली पुन्हा वाढत वर्तुळाला टेकली : २:४८. त्या दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते आणि तिच्यावर काटकोनात उत्तर. मुलांना यातला हिशोब लगेच उमगला, कारण दोन वेळांचा मध्य काढायला पाटीसुद्धा लागत नाही. १२:४८. म्हणजे आज साताऱ्यात सूर्याची मध्यान्ह बारा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी झाली.

‘सगळ्यात आखूड सावली कधी होते तेच बघायचं ना सरळ?’ असं एकीने विचारलं. बघून झालं होतं. मध्यान्हीच्या आसपास दहा मिनिटांत सावलीच्या लांबीत जेमतेम एक मिलिमीटरचा फरक पडतो, डोळ्याला तो कळतच नाही. सकाळ-दुपारच्या सावल्या मात्र भराभर सरकतात, म्हणून त्यांच्यावरून काढलेला मध्य पक्का निघतो. हे फलकावर घालायला हवं. मोजायचं कुठे हे कळलं की निम्मं काम होतं.

आखूड सावली ३८ सेंटीमीटर होती. ६० च्या काठीला ३८. पुस्तकातल्या ‘डोक्यावर’चा निकाल तिथेच लागला.

१६ फेब्रुवारी

घड्याळ कोणत्या प्रकारचं, यावर भूगोलाच्या निवृत्त सरांशी बराच वेळ बोलणं झालं. सरांच्या मनात आडवं घड्याळ होतं, बागेत असतं तसं : सपाट तबकडी आणि वर तिरका त्रिकोण. मी साताऱ्याच्या अक्षांशासाठी रेषा आखून पाहिल्या. अक्षांश साधारण १७.७ अंश. तबकडीवर बारा आणि एक यांच्या रेषांत जेमतेम ४.७ अंशांचं अंतर येतं, पाच आणि सहा यांच्यात मात्र ४१ अंशांहून जास्त. विषुववृत्ताच्या जितकं जवळ जावं तितक्या दुपारच्या रेषा एकमेकींना चिकटतात. लंडनला शोभणारी तबकडी इथे दुपारी वाचताच येणार नाही, आणि वाचनालयात मुलं येतात ती दुपारीच.

म्हणून अर्धकडं. एक सळई पृथ्वीच्या आसाला समांतर, म्हणजे उत्तरेकडे रोखलेली आणि अक्षांशाइतकी उचललेली. तिच्याखाली लोखंडी पट्टीचं अर्धवर्तुळ, सळई त्याच्या केंद्रातून जाईल असं. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, त्यामुळे सळईची सावलीही पट्टीवर तासाला १५ अंशच सरकते. सगळे तास सारखे. जयपूरच्या जंतरमंतरातलं सम्राट यंत्र याच तत्त्वावर चालतं. त्याची तिरकी भिंत सुमारे २७ मीटर उंच आहे, म्हणून तिथे सावली सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकताना दिसते. आमच्या कड्याची त्रिज्या ३० सेंटीमीटर. एका तासाला ७.८५ सेंटीमीटर, मिनिटाला सव्वा मिलिमीटरच्या थोडं वर. सवाई जयसिंहांचं बजेट वेगळं होतं.

सरांनी एक अडचण बरोबर काढली : सावलीची कड कधीच धारदार नसते. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात त्याची रुंदी अर्धा अंश भरते, त्यामुळे सावलीची कड दोन मिनिटांइतकी धूसर होते. म्हणून कड वाचायची नाही, सावलीचा मध्य वाचायचा. बारकाईने पाहिलं तर एका मिनिटापर्यंत वाचता येतं. एवढं पुरे.

२३ फेब्रुवारी

फॅब्रिकेशनवाल्याकडे. ‘सतरा पूर्णांक सात अंश’ म्हटल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘मीटरला किती उठाव?’ १०० सेंटीमीटरला ३२. ‘मग असं सांगा ना, ताई.’ पत्र्याच्या उताराचं काम रोजचं, त्यामुळे हात सरावलेला. खडूने जमिनीवर त्रिकोण आखला, त्यावर सळई ठेवली, टाके मारले, मग गुण्या लावून पुन्हा तपासलं आणि मगच पूर्ण वेल्डिंग केलं. वेल्डिंगच्या उष्णतेने पट्टी एका बाजूला ओढली गेली होती, ती त्याने मोगरीने हलके ठोकून वळणावर आणली. सळई ८ मिलिमीटरची स्टेनलेस, पट्टी साधी लोखंडी, वर रेड ऑक्साइड आणि पांढरा रंग. पांढऱ्यावर सावली उठून दिसते.

२ मार्च

मध्यान्ह १२:४८ ला, हे मुलांच्या डोक्यातून जात नाहीये. आज इतिहासाच्या फलकाचा मजकूर लिहायला घेतला.

गोष्ट अशी. प्रत्येक गावाची मध्यान्ह वेगळी असते. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटं. मुंबई आणि नागपूर यांच्यात सव्वासहा अंश, म्हणजे नागपुरात सूर्य माथ्याच्या रेषेवर मुंबईच्या २५ मिनिटं आधी येतो. बैलगाडीच्या काळात याने कुणाचंच काही अडत नव्हतं. आगगाडी आली आणि अडायला लागलं, कारण एकाच रुळावर दोन गावांच्या दोन वेळा चालत नाहीत. मद्रासला १७९२ पासून वेधशाळा होती, म्हणून रेल्वेने एकोणिसाव्या शतकात मद्रासची वेळ धरली. ती मुंबईच्या वेळेच्या अर्धा तास पुढे. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईच्या सरकारी कामकाजाला मद्रासची वेळ लावायचा प्रयत्न केला. लोकांनी इतका विरोध केला की १८८३ मध्ये तो हुकूम मागे घ्यावा लागला.

मग १ जानेवारी १९०६ पासून संपूर्ण देशाला एक प्रमाणवेळ. ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे. गिरणी कामगारांना हे ३९ मिनिटांचं गणित कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. थंडीच्या पहाटे भोंगा तेवढा लवकर होणार, हे त्यांना कळत होतं. त्याच जानेवारीत काही गिरण्यांमध्ये नव्या वेळेविरुद्ध काम बंद पडलं. त्यात हा बदल वंगभंगाच्या चळवळीच्या ऐन धामधुमीत आलेला, त्यामुळे घड्याळाचा काटासुद्धा सरकारी वाटू लागला. कलकत्त्याने आपली वेळ १९४८ पर्यंत चालू ठेवली आणि मुंबई महापालिकेने मुंबईची वेळ १९५५ पर्यंत. स्वातंत्र्यानंतर आठ वर्षंसुद्धा शहरात ‘कोणत्या वेळेने?’ हा प्रश्न पडत होता. आमच्या ग्रंथपाल मॅडमच्या आजोबांच्या एका जुन्या निमंत्रणपत्रिकेवर वेळेपुढे कंसात ‘स्टँ. टा.’, म्हणजे स्टँडर्ड टाइम, असं छापलेलं आहे. आता कळलं ते कशासाठी.

साडेपाचच का, पाच किंवा सहा का नाही? याचं उत्तर बहुतेक ठिकाणी ‘मिर्झापूरजवळून जाणारं ८२.५ अंश रेखावृत्त’ एवढंच मिळतं. हे उत्तर नव्हे, हा पत्ता झाला. भारत सुमारे ६८ अंशांपासून ९७ अंशांपर्यंत पसरलाय. मध्य पावणेत्र्याऐंशीच्या आसपास. तासाला १५ अंशांनी ७५ म्हणजे पाच तास आणि ९० म्हणजे सहा, मध्य नेमका दोहोंच्या बरोबर मधे पडतो. पाच घेतले तर पूर्वेकडच्यांवर अन्याय, सहा घेतले तर पश्चिमेकडच्यांवर. म्हणून साडेपाच. (नेपाळने पाऊण तास घेतलाय, ५:४५. शेजारी असावा तर असा.)

सातारा ७४ अंशांवर. ८२.५ मधून ७४ गेले साडेआठ, गुणिले चार, ३४ मिनिटं. पण आम्ही मोजले ४८. वरची १४ कुठून आली?

९ मार्च

घड्याळ बसलं. कट्ट्यावर अँकर बोल्ट, पाण्याच्या नळीने लेव्हल, ९ फेब्रुवारीच्या रेषेला सळई समांतर. रात्री ध्रुवावरून पडताळा घ्यायचा होता. पण साताऱ्यात ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १७.७ अंश वर असतो आणि अंगणाच्या उत्तरेला तीन मजली इमारत आहे. गच्चीवरून त्या दिशेची खूण आणून जुळवली.

मनगटावरच्या घड्याळात पाऊण वाजला तेव्हा सावली बाराच्या रेषेवर. फरक सुमारे ४५ मिनिटं. महिन्याभरापूर्वी ४८ होता.

१६ मार्च

पहिली तक्रार. एक सभासद आत येऊन म्हणाले, ‘बाहेरचं घड्याळ पाऊण तास मागे आहे, चावी द्या की.’

समितीच्या बैठकीतही हाच विषय निघाला. सूचना चांगली होती : कडं साडेआठ अंशांनी फिरवून पक्कं केलं की ३४ मिनिटांचा फरक निघून जाईल, लोकांना खरी वेळ मिळेल. अर्धकड्यात हे खरंच सोपं आहे, सगळे तास सारखे असल्यामुळे आकडे नुसते सरकवायचे. मी नको म्हटलं. खरी वेळ बघायला प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि तो अणुघड्याळांशी जुळवून घेतलेली वेळ दाखवतो. तीच वेळ हलक्या दर्जाने दाखवायला लोखंड कशाला वाकवायचं? हे घड्याळ साताऱ्याची वेळ दाखवतं, फोन देशाची. दोन्ही बरोबर आहेत, आणि चिठ्ठीतल्या प्रश्नाचं उत्तर नेमकं त्यांच्यातल्या फरकात आहे. फरक मिटवला तर प्रश्नच पुसला जाईल.

तासभर चर्चा. शेवटी तोडगा सरांचा : कडं आहे तसंच ठेवायचं, शेजारी एक पाटी टांगायची. मुलांनी रोज दुपारी ‘आजचा फरक’ तिच्यावर लिहायचा.

२३ मार्च

पाटीवरचा फरक ४१ मिनिटं. उतरतोय. आता चौदा मिनिटांचा फलक लिहायलाच हवा, आणि हा सगळ्यांत अवघड. पहिला मसुदा दहावीच्या मुलीला वाचायला दिला, तिने ‘छान आहे’ म्हटलं. म्हणजे कळला नाही.

पुन्हा लिहिलं, एका पायरीने एकच गोष्ट. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी २३ तास ५६ मिनिटांत पूर्ण करते. तेवढ्या वेळात ती सूर्याभोवतीच्या वाटेवरही पुढे सरकलेली असते, म्हणून सूर्य पुन्हा माथ्याच्या रेषेवर यायला तिला आणखी अंशभर वळावं लागतं. त्याची चार मिनिटं. असे चोवीस तास होतात. आता, पृथ्वीची वाट पूर्ण गोल नाही. जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सगळ्यात जवळ असते आणि वेगात असते, जुलैच्या सुरुवातीला दूर आणि संथ. वेगात असताना रोज जास्त पुढे जाते, म्हणून जास्त वळावं लागतं. शिवाय आस २३.४ अंश कललेला. त्यामुळे सूर्याची वाट आकाशात तिरकी पडते, आणि ती वर्षात काही वेळा पूर्वेकडे जास्त सरकते तर काही वेळा कमी. दोन्ही कारणं मिळून मध्यान्ह ते मध्यान्ह असा दिवस डिसेंबरअखेरीस चोवीस तासांपेक्षा अर्ध्या मिनिटाने मोठा होतो, सप्टेंबरमध्ये वीसेक सेकंदांनी लहान. रोजची ही सेकंदं साचत जातात. फेब्रुवारीच्या मध्याला सूर्य चौदा मिनिटं मागे पडलेला असतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोळा मिनिटं पुढे असतो.

साताऱ्यात म्हणून फरक फेब्रुवारीत ३४ अधिक १४, म्हणजे ४८, आणि नोव्हेंबरात ३४ उणे १६, म्हणजे १८. आपली घड्याळं याची सरासरी काढून चालतात. यंत्राला रोज वेगळ्या लांबीचा दिवस कसा जमणार?

दहावीच्या मुलीने या वेळी विचारलं, ‘मग १४ मिनिटं शून्य कधी होतात?’ आता कळला.

६ एप्रिल

रामनवमी. वाचनालयाला सुट्टी, पण मुलं अंगणात होती. जवळच्या देवळात घड्याळात बारा वाजले, पाळणा हलला, घंटा वाजली. सावली तेव्हा ११:२३ वर. मुलांना केवढा आनंद! ‘ताई, राम अजून जन्मायचाय!’

देवळातल्या काकांनाही ते सांगून झालं. ते शांतपणे म्हणाले, पंचांगात मध्यान्ह १२:३६ च्या सुमाराची दिलेली आहे, पण लोक बाराला जमतात. पंचांग आणि आमचं कडं एकमेकांशी जुळतात, भिंतीवरचं घड्याळ दोघांशीही नाही. जुळणारच, पंचांगातली मध्यान्ह म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त यांचा मध्य. हा अभिजित मुहूर्ताचाही मध्य. दिवसाच्या पंधरा मुहूर्तांतला तो आठवा, सात अलीकडे आणि सात पलीकडे.

१५ एप्रिल

आज ती वरची मिनिटं शून्य. पाटीवर बरोबर ३४. सळईची दिशा बरोबर बसली आहे याचा यापेक्षा चांगला पुरावा नको.

२७ एप्रिल

पेटीत नवीन चिठ्ठी : ‘संक्रांतीला उत्तरायण सुरू होतं, मग २२ डिसेंबरला दिवस सगळ्यात लहान कसा?’ कड्याशी याचा थेट संबंध नाही, पण विचारणारी मुलं कड्याभोवतीचीच. थोडक्यात : सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरलाच. आपली मकर रास ताऱ्यांवरून मोजलेली आहे, आणि पृथ्वीचा आस हळूहळू घुमत असल्यामुळे ताऱ्यांचं आणि ऋतूंचं नातं ७२ वर्षांत साधारण एका दिवसाने सरकतं. सतराशे वर्षांत तीनेक आठवड्यांहून जास्त. याचा फलक वेगळा करावा लागेल, डिसेंबरात.

४ मे

‘डोक्यावर का नाही’ हा चिठ्ठीचा दुसरा अर्धा भाग राहिला होता, तो आता येतोय. सूर्य ठीक डोक्यावर येतो तो फक्त कर्क आणि मकर वृत्तांच्या मधल्या गावांत, आणि तेही वर्षातून दोनदाच. साताऱ्यात १० मेच्या सुमारास आणि २ ऑगस्टच्या सुमारास. मे महिन्यात पुण्यात तीन-चार दिवस पुढे, मुंबईत पाच-सहा. दिल्लीत कधीच नाही. ऑगस्टात इथे ढगांशिवाय काही दिसत नाही, म्हणून मे धरायचा. त्या दिवशी मध्यान्ह १२:३० ला.

सरांनी आज एक गंमत सांगितली, ती फलकावर घेतलीच. घड्याळाचे काटे उजवीकडे का फिरतात, याचं नेहमीचं उत्तर असं की उत्तर गोलार्धात काठीची सावली तशी फिरते : सकाळी पश्चिमेला, दुपारी उत्तरेला, संध्याकाळी पूर्वेला. घड्याळं तिथे जन्मली, काट्यांनी सावलीची दिशा उचलली. पण १० मेनंतर २ ऑगस्टपर्यंत साताऱ्यात मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि उभ्या काठीची सावली दुपारी दक्षिणेकडून जाते. म्हणजे भरदुपारी ती उलटी फिरते. घड्याळ साताऱ्यात मे महिन्यात शोधलं गेलं असतं तर काटे डावीकडे गेले असते, असं सर म्हणाले आणि स्वतःच खूप हसले.

१० तारखेची तयारी : ६० सेंटीमीटरची तीच सळई, ओळंबा, पांढरा पुठ्ठा, स्टीलचे ग्लास उपडे ठेवायला, सव्वाबारा ते पाऊण. टोप्या आणि पाणी ज्याचं त्याने आणायचं, पालकांच्या ग्रुपवर कळवलं. काठी आणखी आठवडाभर उभी ठेवायची, दक्षिणेची सावली दिसायला लागेपर्यंत.

तीनही फलक पेंटरकडे दिले. तो ‘मध्यान्ह’मधला न आणि ह यांची जागा बदलतो, कच्चं लिखाण पेन्सिलने झाल्यावर दाखवायला सांगितलंय. अर्धे पैसे आगाऊ मागतोय. समितीची पुढची बैठक १८ ला.